पिकअप तुमची, किल्ली कंपनीची

विजेच्या गाडीला मेंटेनन्स नसतो, असे आता शोरूममधला प्रत्येक सेल्समन सांगतो. ऑइल बदलायचे नाही, फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही, सायलेन्सर सडत नाही. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर खरी आहे. सगळ्या मिळून जे चित्र उभे करतात ते मात्र खोटे आहे. ते का खोटे, हे पंचवीस वर्षांची इलेक्ट्रिक पिकअप चालू ठेवणाऱ्या मालकाला विचारावे. असे मालक अमेरिकेत आहेत, अगदी मूठभर. त्यांची गोष्ट इथे सांगण्याचे कारण आपल्या गॅरेजच्या ओळींशी जोडलेले आहे. त्याकडे शेवटी येतो, आधी गाडी पाहू.

१९९० साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने एक नियम केला. मोठ्या कंपन्यांनी राज्यात विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के गाड्या १९९८ पर्यंत धूर न सोडणाऱ्या हव्यात, २००१ ला ५ टक्के, २००३ ला १० टक्के. कंपन्यांनी आरडाओरडा केला, कोर्टकचेऱ्या केल्या, १९९६ साली पहिले टप्पे रद्दही करून घेतले. पण तोवर गाड्या तयार झाल्या होत्या. जनरल मोटर्सची ईव्ही-१ ही दोन सीटची कार सगळ्यांना आठवते, कारण तिच्यावर पुढे सिनेमा निघाला. तिच्याच मोटरवर बेतलेली शेव्हरोले एस-१० ही पिकअप आणि फोर्डची रेंजर ईव्ही मात्र फारशी कुणाला माहीत नाहीत. एस-१० सुमारे पाचशे निघाल्या, रेंजर सुमारे दीड हजार. वीज कंपन्या, नगरपालिका, सरकारी खाती हे त्यांचे गिऱ्हाईक. अमेरिकन टपाल खात्याने तर रेंजरच्या सांगाड्यावर पाचशे टपालगाड्या बांधून घेतल्या.

एस-१० मध्ये कारची मोटर उचलून पुढे बसवली होती. म्हणजे माल मागे आणि ओढणारी चाके पुढे. पिकअपमध्ये कधी कांद्याच्या गोण्या भरून घाट चढलेल्या माणसाला यावर हसू येईल. फोर्डने मोटर मागे बसवली, ते शहाणपणाचे होते.

आता मेंटेनन्स. रेंजरच्या पहिल्या गाड्यांत शिशाच्या बॅटऱ्या होत्या. आठ-आठ व्होल्टच्या ३९ पेट्या एकापुढे एक जोडलेल्या, मिळून ३१२ व्होल्ट. सगळे वजन शेकडो किलोंचे, हौद्याखाली, फ्रेमच्या मध्ये. एकदा चार्ज केली की सत्तर-ऐंशी किलोमीटर जायची आणि ताशी १२० च्या पुढे तिला पळू देत नसत. या ३९ पेट्या म्हणजे एका औताला जुंपलेले ३९ बैल. अडतीस धडधाकट असले आणि एक लंगडला, तरी सगळे औत त्याच्याच चालीने चालते. सपाट रस्त्यावर काटा अर्ध्यावर दिसतो, चढ आला की धाडकन खाली येतो. बॅटरी बसली असे वाटते, पण बसलेली असते एकच पेटी. मग हौदा उचला किंवा पेटारा खालून जॅकवर उतरवा, एकेका पेटीला लोड देऊन मीटर लावा, चोर शोधा. चोर सापडला तरी काम संपत नाही. जुन्या अडतिसांत एक कोरी पेटी घातली की ती बाकीच्यांशी जुळत नाही. म्हणून जाणता मालक नवी पेटी न घालता तेवढीच वापरलेली, तेवढ्याच ताकदीची पेटी शोधतो. आपल्याकडे चारपैकी एकच टायर नवा टाकणाऱ्याला मिस्त्री शिव्या घालतो, तसेच हे. आणि एवढे करून शिशाचा संच रोजच्या वापरात तीन-चार वर्षांत म्हातारा होतो.

पुढच्या गाड्यांत निकेल मेटल हायड्राइडच्या बॅटऱ्या आल्या. त्या हलक्या, जास्त पल्ल्याच्या, जास्त वर्षे टिकणाऱ्या. पण तिथे वेगळेच दुखणे निघाले. या तंत्राच्या पेटंटांतला जनरल मोटर्सचा वाटा टेक्साको या तेल कंपनीने विकत घेतला आणि २००१ साली टेक्साको शेव्हरॉनमध्ये विलीन झाली. गाड्यांना लागणाऱ्या मोठ्या आकाराच्या नव्या बॅटऱ्या त्यानंतर मिळेनाशा झाल्या. विजेच्या गाडीचे काळीज तेलवाल्याच्या तिजोरीत, हा विनोद कुणी रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

चार्जरच्या पिनेचीही तीच गत. एस-१० ला तव्यासारखा एक चपटा सपाट तुकडा खाचेत सरकवून चुंबकी पद्धतीने चार्ज करत. रेंजरला धातूला धातू भिडवणारा प्लग होता. २००१ साली कॅलिफोर्नियाने दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने निर्णय दिला आणि तवेवाले चार्जर हळूहळू उखडले गेले. पुढे काही वर्षांनी रेंजरचा प्लगही जुना ठरला आणि वेगळ्याच आकाराची पिन प्रमाण मानली गेली. गाडी उत्तम, मोटर उत्तम, पण रस्त्यावरच्या खांबाशी तिचे जमत नाही. मालकांनी ॲडॉप्टर बनवले, जुने चार्जर भंगारातून उचलून सुट्या भागांसाठी साठवून ठेवले. मोटरने मात्र फारसा त्रास दिल्याचे ऐकिवात नाही. तिथे सेल्समन खरा आहे.

या सगळ्यात बॅटरी आणि पिनेपेक्षा मोठा प्रश्न कागदाचा होता. बहुतेक गाड्या विकलेल्याच नव्हत्या, तीन-तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिल्या होत्या. २००३ साली कॅलिफोर्नियाने नियम आणखी सैल केला आणि कंपन्यांनी मुदत संपेल तशा गाड्या परत मागवल्या. चालू गाड्या. त्या यंत्राखाली चिरडून भंगारात काढल्या. वापरणारे म्हणत होते, आम्हाला विका, पुढचा खर्च आमचा. ईव्ही-१ च्या शेवटच्या ७८ गाड्यांसाठी लोकांनी १९ लाख डॉलर देऊ केले. कंपनीने घेतले नाहीत. जानेवारी २००५ मध्ये सॅक्रॅमेंटोत फोर्डच्या एका डीलरसमोर काही लोक दिवसरात्र ठाण मांडून बसले, तेव्हा फोर्डने माघार घेतली आणि मागणाऱ्यांना रेंजर विकल्या. आज ज्या जुन्या इलेक्ट्रिक पिकअप शिल्लक आहेत, त्या अशा भांडून मिळवलेल्या किंवा सुरुवातीलाच विक्रीच्या पावतीवर गेलेल्या. एस-१० पैकी साधारण साठच अशा विकल्या गेल्या होत्या. पाचशेतल्या बाकीच्यांपैकी बहुतेकांचा चुरा झाला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, गाडी विकली की वर्षानुवर्षे सुटे भाग पुरवावे लागतात, आणि पाचशे गाड्यांसाठी कोणता पुरवठादार कारखाना चालू ठेवेल? उद्या तीनशे व्होल्टचा झटका बसून कुणी मेले तर खटला आमच्यावर. यातला पहिला मुद्दा मला पटतो, भाग खरोखरच मिळणार नव्हते. पण त्यावरून गाडी चिरडायची, हे पटत नाही. भाग मिळणार नाहीत हे माहीत असूनही घ्यायला माणूस तयार आहे, हातात पैसे घेऊन उभा आहे. त्याच्या हातचे कसब किती पुरेल हे त्याला ठरवू द्या. आणि ते पुरले, हे आता वीस वर्षांनी दिसतेच आहे. डीलरने पाठ फिरवल्यावर मालकांनी वायरिंगचे नकाशे एकमेकांना पाठवले. कंपनीचा स्कॅनर मिळेना तिथे सिग्नल कुठून येतो आणि कुठे जातो ते स्वतः शोधले. शिशाचे डबे काढून लिथियमचे सेल बसवले. जुन्या कंट्रोलरला नव्या बॅटरीची भाषा कळत नाही, तो घाबरून गाडी बंद पाडतो, म्हणून मध्ये दुभाषी सर्किटे लावली. पुस्तकात नसलेली ही मिस्त्रीगिरी आहे. आपल्याकडे जिला हिणवून ‘जुगाड’ म्हणतात, तीच.

आता इकडे येऊ. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचा कारखानाही बंद केला. शेव्हरोलेची टवेरा मात्र आपल्या रस्त्यांवरून लगेच गेली नाही. वडापच्या फेऱ्या मारताना, लग्नाच्या वऱ्हाडात, दवाखान्याच्या दारात ती दिसत राहिली. कंपनी गेल्यावर तिला कोण पोसते? गल्लीतला मिस्त्री. दुसऱ्या गाडीचा पार्ट घासून बसवतो, पंप उघडतो, भंगारबाजारातून गिअरबॉक्स आणतो. त्याला कुणाच्या पासवर्डची गरज पडत नाही. त्या टवेराच्या जागी बॅटरी सीलबंद आणि सॉफ्टवेअर कुलूपबंद असलेली गाडी असती, तर कंपनीच्या मागोमाग तीही गेली असती.

हा मिस्त्री कोण आहे, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगार नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यात जास्त आहेत हे दाखवून दिले. ज्या कामांत त्यांचा वाटा ठळक आहे त्यांत वाहनदुरुस्तीही होती. सोलापूर असो, मिरज असो, मालेगाव असो, एसटी स्टँडच्या मागे गॅरेजची ओळ असतेच. एक इंजिनवाला, एक बॅटरीवाला, एक आर्मेचर भरणारा, एक डेंटर, एक सीटवाला, आणि कोपऱ्यावर चहाची टपरी. सकाळी एक गाडी आली की पाच घरांची चूल पेटते. शिक्षणात मागे पडलेल्या समाजाला या ओळीने दोन पिढ्या सांभाळले. तिच्यावर आता जे येते आहे ते विजेच्या मोटरमुळे येत नाही. मोटर आर्मेचरवाल्याला परकी नाही. येते आहे ते कुलपामुळे.

इलेक्ट्रिक टेम्पो घेणाऱ्याला आज काय मिळते ते पाहा. बॅटरी उघडली की वॉरंटी संपली. बिघाडाचा कोड वाचायला कंपनीचाच स्कॅनर. काही ठिकाणी बॅटरी विकत नसून भाड्याची, किलोमीटरवर किंवा महिन्यावर. यात नवे काही नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वीज कंपनीने १९१० साली मालट्रकसाठी हीच पद्धत आणली होती, गाडी मालकाची, बॅटरी कंपनीची, आणि ती १९२४ पर्यंत बरी चालली. भाड्याची बॅटरी मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. हातात एकदम पैसे नसलेल्या ड्रायव्हरला ती परवडते. पण हार्टफर्डची कंपनी गावातली होती आणि दुरून बटण दाबून ट्रक बंद करू शकत नव्हती. आता हप्ता थकला की गाडी भर रस्त्यात दुरून बंद करता येते. कॅलिफोर्नियात निदान गाडी न्यायला माणूस पाठवावा लागत होता.

कायद्याचे म्हणाल तर दार अगदीच बंद नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना दंड ठोठावला होता, कारण त्या सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना देत नव्हत्या. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहने हे क्षेत्रही घेतले, पोर्टलही काढले. सक्तीचा कायदा मात्र अजून नाही. आपल्या सभा-परिषदांत आरक्षणावर ठराव होतात, वक्फवर होतात, ते व्हायलाच हवेत. पण स्कॅनरवर एक ठराव झाल्याचे मी ऐकले नाही. हजारो घरांच्या रोजीचा प्रश्न आहे आणि तो आपल्याला अजून ‘मुस्लिम प्रश्न’ वाटत नाही.

आणि थोडे गॅरेजवाल्यांनाही सुनवायला हवे. ‘इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका, भंगार आहे’ असे गिऱ्हाइकाला सांगून धंदा वाचत नाही. आपल्याकडे उस्ताद शागिर्दाला कान देऊन शिकवतो, आवाजावरून टॅपेट कळतो, धुरावरून रिंग कळते. बॅटरीला आवाज नाही, धूर नाही. धूर दिसला तेव्हा पळायची वेळ झालेली असते. २०२२ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर पेटलेल्या स्कूटरींचे व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिलेत. तीनशे व्होल्ट डीसीला उघड्या हाताने भिडणारा माणूस शूर नसतो. आधी मधला डिस्कनेक्ट काढायचा, थांबायचे, मीटरने खात्री करायची, रबरी हातमोजे घालायचे, हे शिकावेच लागेल. कंपन्या सुरक्षेचे कारण पुढे करतात ते म्हणूनच खोडून काढता येत नाही. त्यावरचा उपाय प्रशिक्षण आणि परवाना हा आहे. शिकलेल्या, परवाना असलेल्या मिस्त्रीला मग कुलूप कशासाठी? आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचा ट्रेड आहे, पण तो दिवसभराचा आणि पोरांसाठीचा. चाळिशीतला, सातवीत शाळा सोडलेला, आर्मेचर डोळे मिटून भरणारा माणूस तिथे कसा बसणार? त्याच्यासाठी इशाच्या नमाजानंतर दोन तासांचा वर्ग हवा, मराठी-उर्दूत पुस्तिका हवी. त्यासाठी इमारत नवी लागत नाही, रात्री रिकाम्या पडलेल्या कितीतरी शाळा आपल्याच संस्थांच्या आहेत.

तोवर जो कुणी या वर्षी इलेक्ट्रिक टेम्पो किंवा पिकअप बुक करणार आहे, त्याने सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर मागाव्यात. बॅटरी माझ्या नावावर आहे की भाड्याची? किती वर्षांनी किती ताकद उरली तर बदलून मिळेल? कंपनीने मॉडेल बंद केले तर स्कॅनर कुणाला मिळेल? गाडी दुरून बंद करता येते का, आणि कुणाच्या परवानगीने? डीलर हसला तर हसू द्यावे. बॅटरीचा करार वेगळ्या कागदावर, बारीक इंग्रजीत असेल, तर तो मराठीत मागावा आणि घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घ्यावा.