चेनवर तेल ओतून आवाज थांबत नाही

आम्ही कापडवाले. पोकलेन आणि डोझरच्या गोष्टीत आम्ही का पडावे, असे कोणीही विचारील. पण भिवंडीच्या यंत्रमागांशी ज्यांचा वर्षानुवर्षे व्यवहार आहे, त्यांना तेल आणि धूळ यांची दोस्ती किती महाग पडते हे ठाऊक आहे. मागावर गरजेपेक्षा जास्त तेल पडले की उडणारी रुई त्याला चिकटते. तो चिकट लेप मागाचे भाग झिजवतो आणि कापडावर डाग पाडतो. पोकलेनच्या चेनचेही असेच आहे. तिथे रुईच्या जागी दगडाची भुकटी असते, इतकाच फरक.

18 डिसेंबर 2018 रोजी कल्याणात ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली. मेट्रोखेरीज रस्ते रुंद होत आहेत, जुन्या इमारती पडून नव्या उठत आहेत. या कामांत आपले पुष्कळ बांधव आहेत. कोणी कर्ज काढून यंत्र घेतले आहे, कोणी ऑपरेटर आहे, कोणी वेल्डर किंवा फिटर. तेव्हा हा प्रश्न त्यांच्या रोजीरोटीचा आहे.

या यंत्रांच्या देखभालीवर जो खर्च होतो, त्यातला जवळजवळ अर्धा चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट यांवर जातो, असे या धंद्यात सर्वत्र मानले जाते. असे असूनही चेन किंचाळू लागली की तिच्यावर जळालेले काळे तेल ओतायचे, हा उपाय सर्रास चालतो. तासभर आवाज दबतो, मालक खूश होतो. पण पिन आणि बुशच्या आतले ग्रीस सीलने बंद केलेले असते. बाहेरचे तेल आत पोहोचतच नाही. ते धूळ मात्र पकडून ठेवते आणि लोखंड घासणारा लेप तयार होतो. उरलेले तेल जमिनीत मुरते, ते वेगळेच. किंचाळणारी चेन बहुधा सांगत असते की सील गेले आहे आणि आत धूळ शिरली आहे. अशा वेळी फिटरला बोलवावे. बुश एका बाजूने झिजला असेल आणि वेळेवर पाहिले, तर तो फिरवून दुसरी बाजू वापरता येते. उशीर झाला की सारी चेनच बदलावी लागते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट ताण. घट्ट चेन बरी, हा समज खोटा आहे. घट्ट चेन जास्त आवाज करते आणि लवकर झिजते. फार सैल झाली तर उतरते. बूमच्या जोरावर एक बाजू उचलून चेनचा झोल मोजावा आणि तो यंत्राच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतका ठेवावा. सैल करताना ग्रीसचा वॉल्व्ह हळूहळू फिरवावा, पूर्ण काढू नये, आणि त्याच्या समोर उभे राहू नये. आतल्या दाबाचे ग्रीस अंगात घुसते. दुसरे, काम संपल्यावर रोलरमध्ये अडकलेली माती आणि खडी फावड्याने काढावी. तिसरे, रस्त्यावर टँकरने बेताचे पाणी मारावे. धूळ बसावी, चिखल होऊ नये, कारण चिखलही चेन खातो. चौथे, लांबचा पल्ला ट्रेलरवर न्यावा, आणि जागच्या जागी गरकन वळणे व विनाकारण मागे चालवणे टाळावे.

आता मुद्द्याचे बोलू. हे सारे ऑपरेटरला कळत नाही असे नाही. पण यंत्र तासाच्या भाड्याने जाते आणि सफाईच्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही. मालक म्हणतो ठेकेदार देईल, ठेकेदार म्हणतो मालक पाहील, आणि मधल्या मध्ये चेन झिजते. आमचे स्पष्ट मत आहे की भाडे ठरवतानाच रोजचा अर्धा तास चेनच्या सफाईचा आणि तपासणीचा धरावा व तो ऑपरेटरच्या मजुरीत मोजावा. ज्या मालकाला हा अर्धा तास जड वाटतो, त्याने नव्या चेनचा भाव एकदा विचारून पाहावा.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवण्यासही मनाई आहे. कुणाचे आजारी माणूस झोपले असेल, कुणाची मुले परीक्षेची तयारी करीत असतील. तक्रार झाली, काम थांबले, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

वेल्डिंग आणि फिटिंग शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी चेनच्या या कामाकडे हुनर म्हणून पाहावे. झोल मोजणारा, सील ओळखणारा आणि बुश वेळेवर फिरवणारा कारीगर मालकाची मोठी रक्कम वाचवतो. त्याची मजुरीही त्याच मानाने मोजली जावी.