कंप गेला, हेलकावा राहिला

चित्रीकरण करणाऱ्याचा हात कापतो, पाऊल उचलते नि पडते, आणि या दोहोंची वसुली अखेरीस पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडून होते, ही तक्रार चलच्चित्रकलेइतकीच जुनी आहे. तिच्यावरचा भरवशाचा इलाज अमेरिकेतील गॅरेट ब्राउन यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात काढला. अंगातल्या जाकिटाला स्प्रिंगच्या बाहूने कॅमेरा जोडणाऱ्या त्यांच्या स्टेडीकॅममुळे, १९७६ च्या ‘रॉकी’ या चित्रपटात फिलाडेल्फियातील संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढणाऱ्या नायकामागोमाग प्रेक्षकांची दृष्टीही हिसका न बसता वर चढली. मात्र तो सरंजाम वागवावयास कसलेले शरीर लागे.

तेच काम आज १७९ ग्रॅम वजनाचे, सदऱ्याच्या खिशात मावणारे यंत्र करू पाहते. डीजेआय या चिनी कंपनीच्या ऑस्मो पॉकेटची पहिली आवृत्ती २०१८ साली निघाली आणि तिसरी ऑक्टोबर २०२३ मध्ये. हिचा संवेदक एक इंची असून दोन इंची पडदा आडवा फिरविताच यंत्र जागे होते. ते हाती धरून पर्वतीच्या पायऱ्या चढताना माझा हात बऱ्यापैकी डळमळत असूनही चित्रातील क्षितिज तसूभर कलले नाही, हे पाहून प्रथम मीही चकित झालो. परंतु नीट न्याहाळता असे आढळले, की पायरीगणिक कडेचा कठडा मात्र खालीवर होतच होता. यात यंत्राचा दोष नाही. त्यातील तीन मोटारी कॅमेऱ्याचे कलणे, वरखाली झुकणे आणि डावीउजवीकडे वळणे तेवढे सावरतात. अवघे यंत्रच जेव्हा मनुष्यासह वर उचलले जाते, तेव्हा तो हेलकावा झेलणारा स्टेडीकॅमचा बाहू येथे नाही. तो बाहू आपल्या गुडघ्यांनीच व्हावयाचे असते, आणि गुडघे किंचित वाकवून मांजराच्या पावलांनी चालण्याची सवय कोणत्याही खोक्यातून विकत मिळत नाही.

उपसाधनांची पारख मी याच कसोटीवर करतो: जे यंत्राच्या अंगी मुळातच नाही, ते पुरविणारे साधन घ्यावे, बाकीची हौस. तुळशीबागेच्या गर्दीत यंत्रातील ध्वनिग्राहकांनी विक्रेत्यांच्या आरोळ्या इतक्या इमानाने टिपल्या, की चार हातांवर उभे राहून बोलणाऱ्या माझ्या स्नेह्याचे एक वाक्य धड कळेना. सदऱ्याला अडकविण्याचा बिनतारी माइक लावताच तेच बोलणे स्वच्छ उमटले. तेव्हा माइक हवाच. दुसरी निकड काळसर काचेची, म्हणजे एनडी फिल्टरची. या यंत्राच्या भिंगाचे छिद्र एफ २ वर कायम असते, ते लहान करण्याची मुभा नाही. साहजिकच वैशाखाच्या उन्हात प्रकाश आवरण्यासाठी शटर अतिवेगाने चालते आणि चालणारी माणसे तुटक तुटक हलल्यासारखी दिसतात. नवल असे, की आरंभी अमेरिकेत मूळ यंत्राला ५१९ आणि साधनांसह ६६९ डॉलर आकारणाऱ्या कंपनीने त्या जोडसंचात माइक, जादा बॅटरीची मूठ, छोटी तिवई, रुंद भिंग आणि पिशवी दिली, पण ही काच मात्र वेगळी विकावयास ठेवली! उन्हाच्या देशातील गिऱ्हाइकाने हा हिशेब खरेदीपूर्वीच करावा.

रुंद भिंगावाचून माझे कोठेही अडले नाही. पिशवीविषयी काय लिहावे? जे खिशात मावते म्हणूनच घ्यावयाचे, त्याला पिशवी कशाला! पावसाचा मुद्दा मात्र गंभीर आहे, कारण हे यंत्र जलरोधक नाही आणि आपल्याकडे चार महिने छत्रीवाचून चालत नाही.

ज्यांना घरची लग्नकार्ये, प्रवास किंवा गावची जत्रा चित्रित करावयाची आहे, त्यांनी जोडसंचाच्या मोहात न पडता मूळ यंत्र, एक माइक, एक काळी काच आणि छोटी तिवई एवढीच खरेदी करावी, अशी माझी शिफारस आहे.