रेडिएटरचें जुनें कूलंट कोठें टाकावें?

ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधील कूलंट जे शेतकरी स्वतःच्या हातानें घरींच बदलतात, त्यांचा उद्योग आम्हांस स्तुत्य वाटतो. परंतु जुनें काढून नवें भरलें कीं काम संपलें, अशी कित्येकांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं.

कांहीं जण विचारतात कीं, आपल्याकडे बर्फ पडत नाहीं, मग विहिरीचें पाणी कां नको? दख्खनच्या पुष्कळ विहिरींचें पाणी जड आहे. बंबाच्या आंत जसा पांढरा थर धरतो, तसाच तो इंजिनांतही धरतो व उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. मग ऐन नांगरटींत इंजिन तापतें. उलट इथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाणी यांचें समभाग मिश्रण सुमारें १०७ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं, आणि कूलंटांतील गंजरोधक द्रव्यें धातूचें रक्षण करितात. हीं द्रव्यें कालांतरानें क्षीण होतात, म्हणूनच कूलंट बदलावें लागतें.

कृति सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज झांकण उघडूं नये. नाहीं तर दाबाखालील कढत पाणी अंगावर उडतें. खालची तोटी सोडून जुनें कूलंट घमेल्यांत घ्यावें. नंतर शुद्ध पाणी भरून इंजिन तापेपर्यंत चालवावें व निवाल्यावर तें सोडावें. पाणी नितळ येईपर्यंत असें करावें. नवें कूलंट रंग पाहून घेऊं नये. यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घ्यावें.

आतां मुख्य मुद्दा. घमेल्यांतील तें द्रव बांधावर वा नाल्यांत ओतून देणें आमच्या मतें निंद्य आहे. ग्लायकॉल चवीला गोड असतें. त्या गोडीनें कुत्रें, वासरूं, प्रसंगीं लहान मूलही तें पितें. पोटांत गेल्यावर त्याचें ऑक्झॅलिक आम्ल बनतें, मूत्रपिंडांत स्फटिक सांचतात व प्राणावर बेततें. म्हणून तें, व धुतल्याचें पाणीही, घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून त्यावर ‘विष’ असें लिहावें आणि कुलपांत ठेवावें. जळक्या तेलांत तें मिसळूं नये.

पण एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें तो डबा न्यावा कोठें? येथें सहकारी सोसायट्यांनीं पुढें आलें पाहिजे. खताच्या गोदामापासून वेगळ्या, बंदिस्त जागीं एक पिंप ठेवून सभासदांचें जुनें कूलंट जमा करावें, व धोकादायक कचरा घेण्याचा परवाना असलेल्या कारखान्याकडे तें पाठवावें. खर्च तो काय, एका पिंपाचा व वाहतुकीचा. दावणीच्या एका दुभत्या गाईची किंमत त्याहून खचित अधिक आहे.