गोळीला मात्रा, मग व्यायामाला का नाही?

सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. सकाळचे अकरा वाजलेले, रांग दाराबाहेर गेलेली. पन्नाशीच्या एक बाई केसपेपर पुढे करतात. रक्तदाब वाढलेला, साखर काठावर, जिना चढताना गुडघे दुखतात. डॉक्टर दोन गोळ्या लिहून देतात. एक सकाळी नाश्त्यानंतर, दुसरी रात्री जेवणानंतर, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला यायचे. केसपेपर परत देता देता ते म्हणतात, ‘आणि जरा व्यायाम करत जा.’ बाई मान डोलावतात. कोणता व्यायाम, किती वेळ, गुडघे दुखत असताना कसा, हे त्यांना विचारायचे असते. पण तोवर पुढचा रुग्ण स्टुलावर बसलेला असतो.

बाई घरी जाऊन गोळ्या नियमाने घेतात, व्यायाम मात्र होत नाही. पुढच्या खेपेला त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे. गोळीबरोबर नाव, मात्रा आणि वेळ मिळाली होती. व्यायामाबरोबर नुसता उपदेश मिळाला. नवख्या माणसाच्या मनात येणारे प्रश्न हे बहुतेक वेळा मात्रेचेच प्रश्न असतात. त्यांची उत्तरे देणे हा उपचाराचा भाग मानला पाहिजे.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. निम्मा देश आळशी आहे, असे म्हणून हात झटकता येतील; पण त्याने कोणाची साखर कमी होणार नाही.

किती केला म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार हालचाल सुचवतात. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. हा अर्धा तास सलगच हवा असे नाही. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे तरी व्हावीत अशी अट होती. २०२० मध्ये तीही काढून टाकली गेली.

‘मध्यम’ म्हणजे किती, हे ओळखायला मनगटावर यंत्र लागत नाही. चालताना सोबतच्या माणसाशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागले तर ती जोरदार.

दहा हजार पावलांचा धाकही अनेकांना पहिल्याच दिवशी निराश करतो. हा आकडा कोणत्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक उपकरण बाजारात आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. तिथून हा आकडा जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. साडेसात हजारांच्या पुढे त्यात फारशी भर पडली नाही. असा अभ्यास कार्यकारणभाव पक्का सिद्ध करत नाही. पण सर्वांत मोठा फरक अगदी न चालणारा आणि थोडे चालणारा यांच्यात दिसतो, हे इतर अनेक अभ्यासांतही आढळले आहे.

घरकाम व्यायामात धरायचे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा स्त्रिया विचारतात आणि बहुतेक वेळा त्यांना हसण्यावारी नेले जाते. शरीर कामाचे नाव पाहत नाही, दम किती लागला ते पाहते. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत असल्याचे त्यांना आढळले. ते वाहक कोणत्याही व्यायामशाळेत जात नव्हते. ते त्यांचे रोजचे काम होते.

म्हणूनच पाण्याचे हंडे वाहणे, हाताने फरशी पुसणे, शेतातली खुरपणी हे सगळे हिशेबात धरावे. दिवसभर शेतात राबलेल्या बाईला ‘संध्याकाळी चालायला जा’ असे सांगणे ही थट्टा आहे. तिला विश्रांती आणि पोटभर सकस जेवण हवे. ओट्याशी तीन तास उभे राहणे मात्र वेगळे. त्याने पाय दुखतात, थकवा येतो, पण हृदयाची गती वाढत नाही. अशा बाईला स्वतःसाठी अर्धा तास लागतोच, आणि तो तिला घरातल्या इतरांनी मोकळा करून द्यावा लागतो.

बारीक माणसाला व्यायाम कशाला?

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत ते गाठणे, अशी मिस्कील नोंदही तिथे होती. चरबीतला हा फरक केवळ व्यायामाचा नव्हता. जन्माच्या वेळच्या वजनाचाही त्यात वाटा असावा, असे लेखकांनी सुचवले होते.

भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसूनही आत चरबी बाळगून असू शकतो. स्नायू कमी असतील तर जेवणानंतरची साखर साठवायची मोठी जागाच अपुरी पडते. बारीक माणसाने व्यायाम करायचा तो वजनासाठी नव्हे, स्नायूंसाठी.

ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनाही एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च झालेली ऊर्जा एका वडापावने सहज भरून निघते. वजनाचा बराचसा निर्णय ताटात होतो. महिनाभर चालूनही काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणारे पुष्कळ असतात. तोवर त्यांचा रक्तदाब, साखर आणि झोप सुधारू लागलेली असू शकते; ते काट्यावर दिसत नाही. आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी उतरत नाही.

गुडघे दुखतात, वय झाले, आता काय?

गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णाला व्यायाम हाच पहिल्या फळीचा उपचार आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा, खाली सोडायचा, दहा वेळा. पुढे हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे. व्यायामानंतर थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर मात्रा निम्मी करावी.

वयाचे म्हणाल, तर १९९० साली बोस्टनमधील एका संस्थेत राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांच्या ताकदीचे व्यायाम करून घेण्यात आले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे अनेकदा अंथरूण धरणे. पायांतली ताकद आणि तोल हा त्यावरचा स्वस्तातला विमा आहे.

सकाळी की संध्याकाळी? उपाशीपोटी की खाऊन?

जी वेळ रोज जमेल ती उत्तम. निरोगी माणसाने उपाशीपोटी चालायला हरकत नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहींनी मात्र काही खाल्ल्याशिवाय व्यायाम करू नये आणि खिशात साखर ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच ती तोंडात टाकावी. अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत.

आपल्याकडच्या शतपावलीला विज्ञानाचाही आधार मिळाला आहे. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, मधुमेहींनी दिवसातून एकदा तीस मिनिटे चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यावर त्यांची जेवणानंतरची साखर अधिक चांगली उतरली. सर्वाधिक फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला.

व्यायामाने हृदयविकाराचा झटका येतो का?

जिममध्ये कोसळलेल्या तरुणाची चित्रफीत मोबाइलवर फिरली की ही भीती नव्याने जागी होते. ती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. १९९३ साली अमेरिका आणि जर्मनीतील दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका काही काळ वाढतो, हे दोन्हींत दिसले. पण ही वाढ एरवी न हलणाऱ्यांमध्ये फार मोठी होती आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये अगदी थोडी. म्हणजे धोका एकाएकी सुरुवात करण्यात आहे. वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी टर्फवर क्रिकेट खेळणे, सराव न करता मॅरेथॉनला नाव देणे, संकल्पाच्या जोरावर पहिल्याच दिवशी शंभर दंड-बैठका काढणे, हे आरंभशूर शरीराला झेपत नाहीत.

सावकाश चालायला सुरुवात करण्यासाठी बहुतेकांना कोणत्याही तपासणीची गरज नसते. चालताना छातीत दाब किंवा जळजळ होणे, जबड्यात वा डाव्या हातात कळ येणे, चक्कर येणे, नेहमीपेक्षा खूप दम लागणे, यांपैकी काही असेल तर तिथेच थांबावे आणि डॉक्टर गाठावा. हृदयविकार आधीपासून असलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि मधुमेहाने डोळ्यांवर परिणाम झालेल्यांनी जोरदार व्यायामाआधी सल्ला घ्यावा. वजन उचलताना श्वास रोखू नये. अंगात ताप असताना व्यायाम करू नये. नव्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक. पण दुखणे असह्य असेल आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

केसपेपरवर काय लिहावे?

‘डॉक्टरांना इतके सांगायला वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप खरा आहे. सकाळच्या वेळात शंभर रुग्ण पाहायचे तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. पण गोळीसाठी एक ओळ लिहिली जाते, तशीच व्यायामासाठीही लिहिता येईल. ‘चालणे: रोज १० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, बोलता येईल इतक्या वेगाने. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवणे, ३० मिनिटांपर्यंत. तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीतून उठबस ८ वेळा आणि भिंतीला हात टेकून जोर ८ वेळा, आठवड्यातून २ दिवस. छातीत दुखल्यास थांबणे.’ हे लिहायला अर्धे मिनिट लागते. रुग्णालयाने त्याचा शिक्का करून ठेवला तर तेवढेही नाही. समजावून सांगण्याचे काम परिचारिका, फिजिओथेरपिस्ट किंवा गावातल्या आशाताई उत्तम करू शकतील. पंधरा दिवसांनी रुग्ण परत आला की रक्तदाबाबरोबर ‘किती दिवस चाललात?’ हेही विचारावे. दोन दिवस चुकले असतील तर रागावू नये. आजारपणाने आठवडा बुडाला असेल तर निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू करायला सांगावे.

हे सारे लिहून दिल्यावरही बाईंना चालायला जागा लागेल. पदपथावर दुकाने आणि दुचाकी, मैदानाला कुलूप, संध्याकाळी रस्त्यावर दिवे नाहीत, अशा गावात व्यायामाची चिठ्ठी म्हणजे दुकानात न मिळणाऱ्या औषधाची चिठ्ठी. शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ तासभर उघडे ठेवणे आणि एक पदपथ मोकळा करणे हे नगरपालिकेच्या आवाक्यातले काम आहे.

तोवर रुग्णानेही एक करावे. ‘जरा व्यायाम करत जा,’ असे ऐकले की स्टुलावरून उठू नये. केसपेपर पुन्हा पुढे करावा आणि म्हणावे, ‘डॉक्टर, किती आणि कसा, तेवढे यावर लिहून द्या.’