काला आजार 'संपला' म्हणजे नेमकं काय? वाळूमाशीचं गणित समजून घ्या

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये चांदीपुरा व्हायरसने लहान मुलं दगावू लागली, तेव्हा माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मेसेज फिरत होते. एकात सल्ला होता, साचलेलं पाणी काढून टाका. दुसऱ्यात डास पळवणाऱ्या अ‍ॅपची लिंक होती. गंमत म्हणजे दोन्ही मेसेज चुकीच्या किड्याबद्दल होते.

हा व्हायरस मुख्यतः सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी पसरवते. १९६५ साली तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात. वाळूमाशी जेमतेम २-३ मिलिमीटरची असते. ती गुणगुणत नाही आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते. अंडी पाण्यात घालत नाही. गोठ्याजवळची ओलसर माती, शेण-पालापाचोळा, भिंतीच्या भेगा हे तिचं घर. काला आजार पसरवणारी माशीही याच कुळातली.

सगळ्या माश्या सारख्या नाहीत

जगात वाळूमाशीच्या सुमारे १,००० जाती आहेत. त्यातल्या साधारण ९० जातीच लीशमॅनिया हा परजीवी माणसात सोडतात. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये काला आजार पसरवते ती फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. हीच माशी दक्षिण भारतातही आहे, पण तिथे काला आजाराची साथ नाही. उलट केरळच्या सह्याद्रीत त्याच परजीवीमुळे ताप येत नाही, त्वचेवर गाठी आणि व्रण येतात. म्हणजे नुसती माशी सापडली म्हणून रोग आला असं होत नाही. माशी, परजीवी आणि अंगात परजीवी असलेला माणूस, असे तिघे एकत्र यावे लागतात.

मग फोनने फोटो काढून जात ओळखता येईल का? मला नाही वाटत. जात ठरते माशीच्या डोक्याच्या आतले भाग आणि मादीच्या पोटातले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघून. म्हणूनच आता डीएनए बारकोडिंग वापरतात: माशीच्या जनुकाचा छोटा तुकडा वाचायचा आणि डेटाबेसशी जुळवायचा. जात कळणं महत्त्वाचं, कारण फवारणी कुठे आणि कशाची करायची ते त्यावर ठरतं. बिहारमध्ये अर्जेंटिपेस डीडीटीला दाद देईनाशी झाली, तेव्हा २०१५ च्या सुमारास औषधच बदलावं लागलं.

डॅशबोर्डवरचा आकडा कसा वाचायचा?

२०२३ मध्ये देशात काला आजाराचे ५९५ रुग्ण नोंदले गेले. आदल्या वर्षी ८९१ होते. त्याच वर्षी भारताने निर्मूलनाचं लक्ष्य गाठलं. हे सलग ३ वर्षं टिकलं तर जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळू शकते. बांगलादेशने ती ऑक्टोबर २०२३ मध्येच मिळवली, जगात पहिल्यांदा.

पण इथे 'निर्मूलन' म्हणजे शून्य रुग्ण नव्हे. निकष असा आहे: प्रत्येक ब्लॉकमध्ये वर्षाला १०,००० लोकांमागे १ पेक्षा कमी रुग्ण. समजा ब्लॉकची लोकसंख्या अडीच लाख आहे. तिथे २४ रुग्ण निघाले तरी डॅशबोर्डवर तो ब्लॉक हिरवाच दिसेल. आणि ते २४ जण एकाच टोल्यावर राहत असतील तर? सरासरीत ते गाव दिसतच नाही.

दुसरी अडचण पीकेडीएलची. काला आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, काहींच्या त्वचेवर फिकट डाग किंवा गाठी येतात. ताप नाही, दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जातच नाही. पण अशा माणसाला माशी चावली तर ती परजीवी उचलू शकते. भारतात या रोगाचा साठा माणसातच राहतो असं मानलं जातं. म्हणून असा एक सुटलेला रुग्ण पुढच्या साथीची ठिणगी ठरू शकतो.

माझी काळजी इथेच आहे. आकडा खाली गेला की बातमी संपते, मग फवारणी आणि घरोघरची तपासणीही ढिली पडते. यश मिळाल्यावरची वर्षंच जास्त धोक्याची असतात.

तुमच्या हातात काय?

अल्ट्रासोनिक अ‍ॅप डिलीट करा. त्या आवाजाने डाससुद्धा पळत नाहीत, हे चाचण्यांत दिसलंय. घराच्या भेगा बुजवा, गोठा कोरडा ठेवा, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्यासोबत साइटवर किंवा रूमवर राहणारा बिहार-झारखंडचा मित्र दोन आठवड्यांहून जास्त तापाने फणफणत असेल, वजन घटत असेल, तर डॉक्टरांना त्याचं गाव आवर्जून सांगा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन करायची आरके३९ पट्टी चाचणी काही मिनिटांत उत्तर देते. पण आधी कुणाच्या तरी मनात शंका यायला हवी, आणि इकडच्या डॉक्टरला हा रोग क्वचितच दिसतो.