लोकसंख्येच्या नावाने ओरड आणि आपला निधी भलतीकडे

शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृहात जागा नाही म्हटले की एक ठरलेले उत्तर मिळते: लोकसंख्या वाढतेय, सरकार तरी कुठवर पुरणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा जननदर 1.7 आहे. लोकसंख्या स्थिर राहायलाच 2.1 लागतो. तिजोरीतला खड्डा मात्र खरा आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी दाखवली आहे आणि त्यातच लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद आहे.

बहिणींना पैसे मिळू नयेत असे कोणी म्हणत नाही. आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणींनाही ते मिळतात. पण मे 2025 मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थ्यांत अनुसूचित जातीच्या महिला आहेतच, हा बचाव लंगडा आहे. सर्वांसाठीची योजना सर्वांच्या तिजोरीतून चालवायची असते. घटक योजनेचा पैसा त्याहून जादा कामासाठी आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून मोठ्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात. 410.30 कोटींत अशा 68 हजारांहून अधिक मुलामुलींचे एक वर्ष निघाले असते.

ही घटक योजना लोकसंख्येच्या प्रमाणावर उभी आहे. राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण 2001 मध्ये 10.2 टक्के होते, 2011 मध्ये 11.8 झाले. म्हणजे डोकी मोजली गेली की आपला वाटा वाढतो. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे वाटा अजून जुन्याच आकड्यावर अडकला आहे. 2027 च्या जनगणनेत जातही नोंदवली जाणार आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, हे लक्षात ठेवून धर्म बौद्ध लिहायचाच. पण जातीचा रकाना कोरा सोडला तर हेच प्रमाण घसरेल. यावर विहारांत आत्ताच बोलायला हवे.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्येच या निधीसाठी कायदा केला, तेलंगणाने 2017 मध्ये. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या राज्यात, अजून नाही! अर्थात नुसता कायदाही पुरत नाही. कर्नाटकात कायदा असूनही 2023-24 मध्ये 11 हजार कोटींहून अधिक रक्कम गॅरंटी योजनांकडे गेली. म्हणून मागणी नेमकी हवी: निधी वळवायला पूर्ण बंदी, न खर्चलेली रक्कम पुढच्या वर्षात जमा, आणि कामचुकार अधिकाऱ्याला शिक्षा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आपल्या मतदारसंघातील आमदाराकडून याबाबत लेखी उत्तर मागा.