निपाणीच्या वाटेवर कुत्रे पडते तेव्हा

गोव्यातून नरसोबाच्या वाडीला निघालेली मंडळी बरेचदा चोर्ला घाट चढून बेळगाव गाठतात आणि पुणे-बंगळूर महामार्गाने निपाणीच्या बाजूला लागतात. मीही याच वाटेने जातो. ज्या दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्री असतात, त्यांच्या दर्शनाला जाताना याच रस्त्यावर वाहनाने उडवलेली कुत्री पडलेली दिसतात. काही मेलेली असतात, काही नसतात. जी नसतात त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

आपल्या माणसांना दया नाही, असे मी म्हणणार नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट ऐकतच आपण वाढलो. कुत्रे पडले की चार माणसे जमतात, हळहळतात. मग एक जण म्हणतो, "पाणी पाजा!" दुसरा म्हणतो, कांदा हुंगवा. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते, हे कुणाच्या गावीही नसते. ही दया शिकवली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत माणसाचे प्रथमोपचार शिकवतात, त्यात जनावराचा एक तास घालायला काय हरकत आहे?

शिकायचे फार नाही. आधी रहदारीकडे बघावे. घाबरलेले, दुखावलेले कुत्रे घरचे असले तरी चावते, म्हणून कापडाच्या पट्टीने तोंड बांधावे. मात्र ते ओकत असेल, धापा टाकत असेल वा बेशुद्ध असेल तर मुळीच नाही. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे, दर मिनिटाला उचलून बघू नये. आणि पाय धरून फरफटण्याऐवजी फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर न्यावे.

शुद्ध नाही आणि छातीही हलत नाही, तर नाडी शोधत बसू नये. 'रिकव्हर' या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१२ साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि २०२४ साली ते सुधारले. कुत्र्याला कुशीवर निजवून मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत, आणि दर वेळी ती पुरती फुगू द्यायची. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना छातीच्या सर्वांत रुंद भागावर दाबतात. पण बेळगावच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ घ्या. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या तिथल्या शिकारी कुत्र्याची छाती खोल आणि अरुंद. तिथे कोपराच्या मागे, थेट हृदयावरच दाबावे लागते.

घरच्या कुत्र्याचे तोंड मिटून ३० दाबांनंतर नाकपुड्यांतून २ श्वास देता येतात. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला ते देऊ नयेत. रेबीजच्या देशात एवढी सावधगिरी हवीच. नुसती छाती दाबावी. आणि खोटी आशाही नको. दवाखान्यातच हृदय थांबलेल्या कुत्र्यांपैकीही फार थोडी घरी परततात.

निपाणीत आणखी एक प्रकार आहे, त्याकडे लक्ष जात नाही. हे तंबाखूचे गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रस्त्यावर येऊन आंदोलन केले, ती हीच निपाणी. वखारीत, विड्या वळणाऱ्या घरांत, पानपट्टीच्या पायरीशी तंबाखू सांडलेली असते आणि पिल्लू काहीही तोंडात घेते. निकोटिन पोटात गेले की पाऊण तासाच्या आत लाळ, ओकाऱ्या, थरथर सुरू होऊ शकते. जास्त गेले तर श्वासाचे स्नायूच निकामी होतात. अशा वेळी खाण्याचा सोडा किंवा पित्तावरची पातळ औषधे पाजणे हा घात आहे. पोटातल्या आम्लामुळे निकोटिन रक्तात सावकाश उतरते, आम्ल मारले की भरभर. चुना लावून मळलेली तंबाखू सुक्या तंबाखूपेक्षा वाईट, त्याचेही कारण हेच. मिठाचे पाणी पाजून ओकवणे तर त्याहून धोक्याचे, त्या मिठानेच विषबाधा होते.

वखारवाल्यांनी आणि महामार्गावरच्या ढाबेवाल्यांनी जनावरांच्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. फोन करताना तंबाखू किती, कधी खाल्ली, चुना लावलेली की सुकी, आणि कुत्र्याचे वजन अंदाजे किती, एवढे सांगितले की डॉक्टर तिकडे तयारीला लागू शकतात.